रमाबाईंची दुसरी तारीख

पंडिता रमाबाईंच्या प्रत्येक चरित्रात एक तारीख ठळकपणे येते : २९ सप्टेंबर १८८३. त्या दिवशी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, चिमुकली लेक मनोरमा हिच्यासह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी पुण्यात येऊन धडकली आणि एकच गदारोळ उठला. कालपर्यंत जिला ‘सरस्वती’ म्हणून डोक्यावर घेतलं ती बाटली. कुणी बाटवलं, कशासाठी बाटली, कुणाचे पैसे होते, या प्रश्नांची चर्चा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली, तीही याच वादाच्या धगीत.

रमाबाईंचा स्वतःचा हिशेब मात्र वेगळा होता. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ए टेस्टिमनी’ या छोट्याशा इंग्रजी आत्मकथनात त्यांनी तो मांडला. बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता, असं त्या तिथे सांगतात. त्यांच्या आयुष्यातली दुसरी तारीख १८९१च्या सुमाराची. तिची नोंद कोणत्याही चर्चच्या वहीत नाही. त्या दिवशी विधी झाला नाही, पाद्री नव्हता, साक्षीदार नव्हते. रमाबाई तेव्हा पुण्यात विधवांसाठीचं शारदा सदन चालवत होत्या आणि चारचौघांच्या दृष्टीने केव्हाच ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्या वेळी त्यांना उमगलं ते असं, की देवापुढे नीतिमान ठरणं माणसाच्या पुण्याईवर अवलंबून नाही. ख्रिस्ताच्या मरणामुळे ते फुकट मिळतं आणि ते विश्वासाने घ्यायचं असतं. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा हा कणा. मराठी समाजाने रमाबाईंची विद्वत्ता स्वीकारली, स्त्रीशिक्षणाचं काम स्वीकारलं, उशिरा का होईना गौरवही केला. हा कणा मात्र आपण कधी नीट पाहिलाच नाही.

आज तो पाहण्याचं निमित्त जयपूरहून आलं आहे. राजस्थान सरकारने आणलेलं धर्मांतरविरोधी विधेयक ९ सप्टेंबर २०२५ रोजी विधानसभेत मंजूर झालं. बळाने, फसवणुकीने किंवा आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराला त्यात किमान सात वर्षं आणि काही प्रकारांत थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ज्याला धर्म बदलायचा आहे त्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांना तसं कळवायचं. पूर्वजांच्या धर्मात परत जाणं मात्र धर्मांतर मानायचं नाही. या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या आहेत.

राजस्थानचा हा पहिला प्रयत्न नव्हे. २००६ मध्येही विधानसभेने असंच एक विधेयक मंजूर केलं होतं. त्या वेळी जयपूरच्या राजभवनात आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या. विधेयकातल्या काही तरतुदी धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला बाधा आणतात, असं सांगून त्यांनी ते सही न करता परत पाठवलं. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटल्यातला निकाल तेव्हाही होता, आजही आहे. कायद्याचा वाद वकील लढतील. त्या वादात एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. धर्म बदलणारा माणूस नेमकं काय मानू लागतो? कुणी फितवलं, काय दिलं, किती जण गेले हे सगळं विचारलं जातं. काय पटलं, हे विचारलं जात नाही. रमाबाईंनी या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर लिहून ठेवलं आहे आणि ते मराठी घरातल्या एका संस्कृत पंडितेचं असल्यामुळे आपल्याला तरी ते परकं वाटू नये.

त्यासाठी आधी विश्वासाने नीतिमान ठरण्याची ही शिकवण समजून घ्यायला हवी. तिचं मूळ संत पौलाच्या पत्रांत, विशेषतः रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. पौल कोर्टाची भाषा वापरतो. आरोपी म्हणजे सगळी मानवजात. नियमशास्त्र पाळणारा यहुदी आणि न पाळणारा परराष्ट्रीय, दोघेही सारखेच दोषी. न्यायाधीश न्यायी आहे, त्यामुळे तो दोषाकडे कानाडोळा करू शकत नाही. तरीही तो आरोपीला नीतिमान ठरवून सोडतो, कारण शिक्षा ख्रिस्ताने वधस्तंभावर आधीच स्वतःवर घेतली आहे. पंतय पिलात नावाचा रोमन सुभेदार यहुदियात असताना जेरुसलेममध्ये ही घटना घडली, असं ख्रिस्ती मंडळी मुद्दाम सांगतात. कारण त्यांच्या लेखी ही पुराणकथा नाही. माणसाने नुसता विश्वास टाकायचा. उपास, दान, यात्रा, जन्म, जात, विद्या यांपैकी काहीच तिथे जमेस धरलं जात नाही.

ही शिकवण ख्रिस्ती जगातही सुखाने नांदली नाही. मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी पापक्षमेच्या दाखल्यांची विक्री करण्याविरुद्ध आवाज उठवला तो याच मुद्द्यावरून वाढत गेला आणि युरोपातलं चर्च दुभंगलं. रोमन कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आपलं उत्तर दिलं : देव माणसाला नुसता नीतिमान म्हणत नाही, त्याच्या कृपेने माणूस आतून खरोखर बदलतो आणि त्या बदलाला माणसाने साथ द्यायची असते. हा तंटा साडेचारशे वर्षं चालला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे ल्यूथरन महासंघ आणि व्हॅटिकन यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि मूळ मुद्द्यावर आपलं एकमत असल्याचं मान्य केलं. वसईचे कॅथलिक आणि नगरचे प्रोटेस्टंट यांच्यात विधींचा फरक आजही दिसतो, पण कुणीही स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्याईच्या हिशेबावर सर्वस्व लावणारे गृहस्थ. बायकोला, मुलींना संस्कृत शिकवण्याचं धाडस त्यांनी केलं, त्यासाठी गंगामूळच्या रानात घर केलं. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करत राहिलं. गाठीचा पैसा दानात गेला, अनुष्ठानांत गेला, ब्राह्मणभोजनांत गेला. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हाती काहीच उरलं नव्हतं. देव प्रसन्न व्हावा म्हणून होतं नव्हतं ते सगळं देऊन झालेलं. वृद्ध वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. काही महिन्यांत तीन मृत्यू. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

रमाबाईंच्या धर्मविचारावर लिहिताना या उपासमारीकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. ज्यांनी कर्मकांड दुरून पाहून त्यावर टीका केली अशांपैकी त्या नव्हत्या. पुण्य कमावण्याचा मार्ग एका कुटुंबाने शेवटच्या पैशापर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत प्रामाणिकपणे चालून पाहिला आणि त्याचा शेवट त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे कलकत्त्यात त्यांना धर्मशास्त्र वाचायला सांगण्यात आलं. वाचताना त्यांना दिसलं, की स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्षाची वाटच ठेवलेली नाही. पतीची सेवा हाच तिचा मार्ग. वडिलांनी सगळं करूनही भागलं नव्हतं आणि मुलीला तर काही करण्याची मुभाच नव्हती.

भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांना घरातल्या पुस्तकांत सापडली. कुतूहल जागं झालं, नवऱ्याला ते रुचलं नाही. १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला आणि रमाबाई तान्ह्या लेकीला घेऊन पुण्याला आल्या. आर्य महिला समाज, हंटर शिक्षण आयोगापुढची साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, सगळं त्याच काळातलं. त्याच पुण्यात त्यांची गाठ नेहेम्या गोरे यांच्याशी पडली. नेहेम्या म्हणजे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे, काशीचे कोकणस्थ पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. ख्रिस्ती धर्मशास्त्र एका शास्त्र्याकडून दुसऱ्या शास्त्र्याकडे, शास्त्राच्याच पद्धतीने, पोहोचण्याचा असा प्रसंग महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल.

वाँटेजला गेल्यावर तिथल्या सिस्टर्सनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅम इथलं आपलं काम दाखवलं. ज्या स्त्रियांना समाज ‘पतित’ म्हणतो त्यांच्यासाठी चालवलेलं ते घर होतं. त्या बायकांना तिथे मायेने वागवलं जात होतं. हे का करता, असं रमाबाईंनी विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, विहिरीवर एकटीच आलेली ती बाई. येशू तिच्याशी बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो. पाप्याचा उद्धार करायला आलेला देव आपल्याला आपल्या शास्त्रांत भेटला नव्हता, असं रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. हा निष्कर्ष आपल्या संतपरंपरेला न्याय देणारा आहे का, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणं स्वाभाविक आहे. पंढरीच्या विठोबाने कुणाकुणाला जवळ केलं हे आपण लहानपणापासून ऐकतो. रमाबाई मात्र वारकऱ्यांच्या अंगणात वाढल्या नाहीत. त्यांना ठाऊक होती ती शास्त्र्यांची, पौराणिकांची दुनिया, आणि त्या दुनियेबद्दल त्या बोलत होत्या.

सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परका देश, मैत्रिणीचा असा शेवट, पदरात लहान मूल. माणूस अशा वेळी एखादा निर्णय नेमका कशामुळे घेतो, हे कोणत्याही सरकारी अर्जावर लिहून देता येत नाही.

बाप्तिस्म्यानंतर काय झालं ते वाचण्यासारखं आहे. आपण नेहमी धरून चालतो, की धर्मांतर केलेला माणूस नव्या गुरूंच्या मुठीत जातो. रमाबाई अजिबात गेल्या नाहीत. सिस्टर जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. तिच्याशी आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रांतून वाद चालला. त्रैक्य त्यांना पटेना. जे मानणार नाहीत त्यांचा नाश होईल, असं बजावणारा अथनासियसचा मतांगीकार त्यांनी नाकारला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटले आहे, दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, या अर्थाचं त्यांनी धर्ममातेला सुनावलं. बिशपलोक हादरले, आणि रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला निघून गेल्या.

हा ताठा विद्वत्तेचा होता. पण त्याच्या आड एक बेचैनी होती आणि ती रमाबाईंनीच पुढे उघड केली. वडिलांनी यात्रा आणि दानं यांवर भरवसा ठेवला होता. आपण बाप्तिस्मा, प्रार्थनापुस्तक, चर्चचं सभासदत्व आणि समाजसेवा यांवर ठेवला, हे त्यांच्या ध्यानात आलं. हिशेबाची वही बदलली होती, हिशेब तोच होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. गोदूबाई ही त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई. बाहेरून पाहणाऱ्याला हे आयुष्य सफल वाटलं असतं. रमाबाईंना आतून काहीतरी निसटल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवसांत त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या अँग्लिकन पाद्र्याचं ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मचरित्र पडलं. हॅस्लमची कहाणी चमत्कारिक आहे. कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षं पाद्रीपण केल्यावर १८५१ मध्ये एका रविवारी, स्वतःच दिलेलं प्रवचन ऐकता ऐकता, तो खऱ्या अर्थाने ख्रिस्ती झाला. पाद्रीसुद्धा विश्वासाविना असू शकतो, हे वाचून रमाबाई स्वतःकडे वळल्या. पवित्र शास्त्र पुन्हा काढलं. आपल्याला धर्मसिद्धान्त पटले आहेत, तर्क पटले आहेत, विधी पार पडले आहेत. पण ख्रिस्ताचं मरण आपल्यासाठी होतं, त्यापलीकडे आपल्याला देवापुढे काही मांडायची गरज नाही, ही गोष्ट आपण कधी स्वतःची म्हणून घेतलीच नाही, हे त्यांना कळलं. चरित्रकार याला ‘आध्यात्मिक अनुभव’ म्हणून दोन ओळींत उरकतात. रमाबाई त्याला आयुष्याचा कळस मानतात.

या शिकवणीवरचे आक्षेप आपल्याकडे जुने आहेत आणि त्यांत वजन आहे. मुंबईत १८३१ मध्ये मोरोभट्ट दांडेकर आणि जॉन विल्सन यांची चर्चा झाली, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घातला, तेव्हापासून हे प्रश्न मराठीत आहेत. करावे तसे भरावे, हा कर्मसिद्धान्त लहान मूलही जाणतं. एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याने भोगणं हा न्याय कसा? देव सर्वसमर्थ असेल तर त्याने सरळ क्षमा करावी, पुत्राचा प्राण कशाला हवा? आणि क्षमा फुकटच मिळणार असेल तर माणूस चांगलं वागेल कशाला?

शेवटच्या आक्षेपाला पौलाने स्वतःच रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तोंड दिलं आहे. दुसरा आक्षेप ख्रिस्ती विचारवंतांनाही छळत आला. कँटरबरीच्या अँसेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीला त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. क्षमा करणाऱ्याला नेहमीच काहीतरी सोसावं लागतं, हा ख्रिस्ती विचारवंतांच्या उत्तराचा गाभा आहे. बुडीत कर्ज माफ केलं तरी ते पैसे कुणाच्या तरी खिशातून जातातच. ख्रिस्ती श्रद्धा सांगते, की ती तोशीस न्यायाधीशाने स्वतःच सोसली. आणि पहिला आक्षेप? त्याला तर्काने पुरतं उत्तर देता येत नाही, असं प्रामाणिकपणे म्हणावं लागेल. कर्माचा नियम आणि कृपेची शिकवण या जगाकडे पाहण्याच्या दोन वेगवेगळ्या रीती आहेत. एकीकडून दुसरीकडे जाण्याला जे बळ लागतं ते वादात जिंकण्या-हरण्याने येत नाही. रमाबाईंना ते यायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली, गोऱ्यांसारख्या प्रकांड पंडिताला तर शंकांनी आयुष्यभर सोडलं नाही.

सगळे याच दारातून आत आले असंही नाही. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि त्यांना खेचलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने, शत्रूवर प्रेम करायला सांगणाऱ्या शिकवणीने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट आणखी निराळी, ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ती ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या या धर्मांतरांना ‘मिशनऱ्यांचं जाळं’ या एकाच शीर्षकाखाली कोंबणं म्हणजे या माणसांच्या बुद्धीचा अपमान आहे.

कृपेच्या शिकवणीचा रमाबाईंच्या कामाशी थेट संबंध आहे. १८९६च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने हाडं उरलेल्या, कुणी विकलेल्या, कुणी भोगून टाकलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. आई-वडिलांचा शेवट आठवला असणारच. शेकडो मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. राजस्थानात ज्याला छप्पनिया अकाल म्हणतात तोच हा दुष्काळ. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छपाई, तेलघाणा, शेती, सगळं मुली करत. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन अशी वेगवेगळी घरं उभी राहिली. हिंदू सुधारकांचे विधवाश्रम तेव्हा होते, पण ते मुख्यतः ‘चांगल्या घरच्या’ विधवांसाठी. खुद्द शारदा सदनाचाही भर उच्चवर्णीय विधवांवरच होता. केडगावात ही मर्यादा सुटली. कोणत्या जातीची, कुठून आली, काय झालं तिच्या बाबतीत, हे दारात विचारण्याची गरज उरली नाही. देवापुढे उभं राहायला स्वतः पंडिता रमाबाईंजवळ काही नव्हतं, हे एकदा मनोमन मान्य केल्यावर दुसऱ्या बाईची पात्रता तपासायचा अधिकार त्यांना राहिला नव्हता. हा बदल नुसत्या सुधारणावादाने समजत नाही. उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रमाबाईंना विस्मृतीतून बाहेर काढलं, हे त्यांचे मोठे उपकार. त्यांचा रोख पितृसत्ता, जात, राष्ट्रवाद यांवर होता. रमाबाईंच्या स्वतःच्या रोखाचा अभ्यास मराठीत अजून व्हायचा आहे.

याचा अर्थ रमाबाईंचं सगळं बरोबर होतं असा नाही. शारदा सदनात धर्मशिक्षण होणार नाही, अशी हमी देऊन पैसा आणि पाठिंबा मिळवला होता. १८९१ नंतर त्यांच्या खोलीतल्या प्रार्थनेला मुली येऊ लागल्या, दार उघडं राहिलं. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ते दोघे कर्मठ नव्हते, मत्सरीही नव्हते. दिलेला शब्द मोडला जातो आहे, असं त्यांना वाटलं आणि तसं वाटायला जागा होती. दुष्काळातून आणलेल्या मुलींबद्दलचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. जिने अन्न दिलं, जीव वाचवला, तिचा देव नाकारण्याचं बळ दहा वर्षांच्या पोरीत कुठून येणार? आमिषाची चर्चा करणाऱ्यांची ही शंका खोटी नाही.

पण तिचं उत्तर याच शिकवणीत आहे. भाकरीसाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी घेतलेला बाप्तिस्मा हा पौलाच्या हिशेबात विश्वास नव्हेच. तोही देवाशी केलेला सौदा झाला, आणि सौद्याविरुद्ध तर ही सगळी शिकवण उभी आहे. म्हणून आमिषाला सर्वांत कडक विरोध चर्चनेच करायला हवा. बाप्तिस्म्यांचे आकडे देणगीदारांना कळवणारी प्रत्येक संस्था स्वतःच्याच धर्माच्या गाभ्यावर पाय देत असते. हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींनी उघडपणे बोलावं. त्यांच्या बोलण्याला जे वजन येईल ते कोणत्याही सरकारी नोटिशीला येणार नाही.

आणि सरकारने? जयपूरचा कायदा धर्मांतराला तारीख मागतो, आगाऊ अर्ज मागतो, विधी करणाऱ्याचं नाव मागतो. रमाबाईंवर असा कायदा लावला असता तर त्याच्या हाती १८८३ लागलं असतं. तेव्हाची रमाबाई वादपटू, सावध, निम्मी अँग्लिकन आणि निम्मी शंकेखोर. १८९१ची रमाबाई त्याच्या नजरेला पडलीच नसती, कारण त्या दिवशी कुणी कुणाला धर्मांतरित केलं नव्हतं. एक बाई आपल्या खोलीत एक पुस्तक वाचत होती. जबरदस्ती आणि फसवणूक यांना शिक्षा जरूर व्हावी, त्यासाठी फौजदारी कायद्यात कलमं आहेतच. माणसाला काय पटलं, याची आगाऊ वर्दी जिल्हाधिकाऱ्याकडे द्यायला लावणं हे घटनेच्या पंचविसाव्या कलमाशी विसंगत आहे. पूर्वजांचा धर्म हेच माणसाचं खरं घर, असं राज्याने ठरवून टाकणं तर त्याहून चुकीचं आहे. प्रतिभाताईंनी २००६ मध्ये जी शंका घेतली ती आजही लागू पडते.

रमाबाईंनी शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला मध्यस्थावाचून वाचता यावं, हा त्यामागचा हेतू. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्ती मिशनच्या मुलींनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा वारली, आणि भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

त्यांचा वाँटेजशी झालेला पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीनने जपून ठेवला होता. तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला. संपादक होते अ. भि. शहा, कट्टर बुद्धिप्रामाण्यवादी, इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक. आणि प्रकाशक होतं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. एका धर्मांतरित बाईची ख्रिस्ती धर्मशास्त्रावरची पत्रं एका नास्तिकाने संपादित केली आणि महाराष्ट्र सरकारने छापली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. तो ग्रंथ इंग्रजीत आहे. मंडळाने तो आज नव्या टिपांसह पुन्हा छापावा, त्याची मराठी आवृत्ती प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात पोहोचवावी, आणि धर्मांतरावर कायदा करू पाहणाऱ्या प्रत्येक आमदाराने मतदानाआधी त्यातली निदान १८८५ ची पत्रं वाचावीत.